मोरोपंतांची दाढ

आमच्या घरातल्या बोक्याचे नाव मोरोपंत. नऊ वर्षांपूर्वी आषाढातल्या एका धुकट संध्याकाळी तो पाचगणीतल्या आमच्या भाड्याच्या घराच्या ओसरीत येऊन बसला आणि दूध मिळेपर्यंत एकसारखा ओरडत राहिला. त्या आठवड्यात वर्गात 'केकावली' चालू होती. मोराची केका म्हणजे काय, भक्ताच्या आर्त हाकेला कवीने तिची उपमा का दिली, हे मुलांना समजावून घाट चढून घरी यावे, तो दारात हा. नावासाठी वेगळा विचार करावा लागला नाही. नाव पंतांचे, म्हणून आदरार्थी बहुवचनही ओघाने आले: मोरोपंत जेवले का, मोरोपंत कोठे गेले. (या लेखातले 'आम्ही' संपादकीय नव्हे. घरात खरोखरच दोन माणसे आहेत. दोघेही मराठीचे एम. ए., दोघेही सेट उत्तीर्ण, आणि चाळिशी ओलांडूनही दोघेही घाटाखालच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर.) धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. आम्हीही नऊ वर्षे पंतांचे दात मोजले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात पंतांची केका थांबली. आधी ते आमच्या ध्यानातच आले नाही. पाचगणीच्या पावसात सिल्व्हर ओकांचा आणि पत्र्यांचा आवाज इतका असतो, की घरातले एक माणूस बोलेनासे झाले तरी दोन दिवस कळू नये. मग दिसले ते असे: ताटलीपाशी यायचे, वास घ्यायचा, एक घास तोंडात घ्यायचा, मान एका बाजूला तिरपी करायची, घास खाली पाडायचा आणि ताटलीवरच फिसकारून पळून जायचे. आम्ही ह्याचा अर्थ लाडावलेपणा असा लावला. काव्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसांनी इतका ढोबळ अर्थ लावावा! खाणे बदलले, ताटली बदलली, बांगडा आणला. बांगड्याकडे पाहून त्यांच्या तोंडातून लाळ गळू लागली, तेव्हाही आम्हांला ती भुकेची वाटली. अंग चाटणेही बंद झाले होते. पाठीवरचे केस ओल्या काथ्यासारखे झाले होते. धान्याच्या काट्यावर ठेवून पाहिले तर चार किलोंचे मोरोपंत तीन किलो तीनशे ग्रॅम भरले. त्या दिवसापासून आमच्या बोलण्यातले बहुवचन गळून पडले. तो खात नाही, तो झोपला नाही, असे आम्ही बोलू लागलो.

मांजर दुखणे लपवते, ही गोष्ट आम्हांला पुढे सांगण्यात आली. कुत्रे लंगडते, कण्हते, मालकाच्या पायाशी येते. मांजर कपाटाखाली जाते. देरिदाने १९९७ साली सेरीसी येथे दिलेले व्याख्यान आमच्या पिढीतल्या समीक्षकांनी बरेच उगाळले आहे: आपली मांजर आपल्याकडे पाहते तेव्हा पाहिला जाणारा 'मी' कोण, वगैरे. दाताविषयी त्यात काही असल्याचे आम्हांला आठवत नाही. मराठीत तर पाळीव प्राण्याचा विषय निघाला की पुलंचे 'पाळीव प्राणी' आठवून हसायचे, एवढाच शिरस्ता आहे. त्या हसण्यावर आमचा आक्षेप नाही, आम्हीही हसलेले आहोत. पण त्या हसण्यामुळे एक अडचण झाली. बोक्याच्या दाढेसाठी रजा हवी, असे विभागप्रमुखांना सांगताना आम्ही 'घरगुती कारण' असे लिहिले.

गावातल्या गुरांच्या डॉक्टरांनी प्रतिजैविक आणि सूज उतरण्याचे एक इंजेक्शन दिले. दहा दिवस बरे गेले, अकराव्या दिवशी घास पुन्हा खाली पडला. ते डॉक्टर सरळ मनाचे. म्हणाले, "गाईम्हशीचं काय ते मी बघतो. मांजराच्या तोंडात शिरायचं तर भूल पाहिजे, आणि तेवढी सामग्री माझ्यापाशी नाही." पाचगणीत बसून हे ऐकणे थोडे चमत्कारिक होते. हे गावच मुळी बऱ्या होण्याच्या आशेवर वाढलेले. १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी येथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर काढले. हवेसाठी येथे माणसे दुरून येत. मांजराच्या दाढेला मात्र हवा पुरत नाही.

आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा भाऊ शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकून बाहेर पडला आणि पुण्याच्या एका दवाखान्यात उमेदवारी करू लागला होता. त्याने दूरध्वनीवरच दोन गोष्टी सांगितल्या. पहिली: माणसाची कोणतीही वेदनाशामक गोळी देऊ नका, विशेषतः पॅरासिटामॉल. मांजराच्या शरीराला ती पचवता येत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेईनाशा होतात आणि एवढ्याशा तुकड्यानेही जीव जातो. शेजारच्या काकूंनी मोठ्या मायेने पाव गोळी दुधात कालवायला सांगितली होती, आणि आम्ही ती कापूनही ठेवली होती! दुसरी गोष्ट: इकडे घेऊन या, नुसते तोंड पाहण्यासाठी.

डॉक्टरीणबाईंनी ओठ अर्ध्या क्षणापुरता वर केला. खालच्या दाढेच्या मुळाशी हिरडी लालभडक होऊन दातावर चढलेली होती. माणसासारखी कीड मांजराच्या दाताला लागत नाही, असे त्यांनी सांगितले. येथे वेगळेच घडते: शरीराच्याच पेशी दाताचे कठीण द्रव्य विरघळवू लागतात. हिरडीच्या कडेशी खड्डा पडतो, नस उघडी पडते, आणि पुढे दात आतून झिजत जातो. प्रौढ मांजरांत हे मुळीच दुर्मीळ नाही. कारण मात्र अजून निश्चित ठाऊक नाही. भरण करून उपयोग होत नाही, दात काढावा लागतो. किती दात, ते क्ष-किरण चित्राशिवाय कळत नाही; आणि चित्र काढायचे तर भूल द्यावी लागते, कारण तोंडात पट्टी धरून स्वस्थ बसणारे मांजर अजून जन्मलेले नाही. भूल द्यायची तर आधी रक्त तपासून यकृत आणि मूत्रपिंड ठीक आहेत ना, हे पाहायला हवे. असे एकातून एक निघत गेले आणि शेवटी कागदावर आकडा आला. सव्वीस हजार रुपये.

तासिका तत्त्वाचा हिशोब वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. घेतलेल्या तासांचे पैसे, तेही झाल्यावर, आणि झाल्यावर म्हणजे केव्हा हे कोणी सांगत नाही. मे महिन्याचे तास नसतात, म्हणून पैसेही नसतात. गेल्या वर्षी ऑगस्ट संपत आला तरी आदल्या सत्राचे मानधन आलेले नव्हते. वाण्याची वही होती, घरभाडे होते. हाताशी चार हजार होते. वाईच्या मैत्रिणींच्या भिशीत आमचा नंबर डिसेंबरात होता. एकीने आपला नंबर आम्हांला दिला, बारा हजार आले. दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण त्या दिवसांत घरात बरीच वापरली गेली, आणि प्रत्येक वेळी तिचे हसू थोडे कमी झाले.

उरलेले दहा हजार घरातच होते. कपाटात, एका लिफाफ्यात. लिफाफ्यावर लिहिलेले होते: 'आई – कवळी'.

आई म्हणजे आमच्यातल्या एकाची आई आणि दुसरीच्या सासूबाई. गाव आटपाडी तालुक्यात, माडगूळकरांच्या माडगुळ्यापासून फार लांब नाही. तीन वर्षांत त्यांच्या वरच्या दाढा सगळ्या गेल्या होत्या, खाली चार दात उरले होते. कवळीचे आम्ही दर दिवाळीला ठरवत होतो. त्या लिफाफ्यात कधी पेपर तपासणीचे, कधी एखाद्या व्याख्यानाचे पैसे टाकत दहा हजार साठले होते.

तो लिफाफा उघडण्याविषयी आमच्यात जे बोलणे झाले ते येथे देण्यासारखे नाही. एकाने म्हणावे, माणसाआधी जनावर का; दुसरीने म्हणावे, आई वाट पाहू शकतात, हा पाहू शकत नाही. आणि मग दोघांनीही बाजू बदलून तेच वाद पुन्हा घालावेत. माणसाने जनावरासाठी किती करावे, या प्रश्नाला आपल्याकडे जुना इतिहास आहे. १८३२ साली मुंबईत इंग्रजांनी भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला तेव्हा पारश्यांनी दंगा केला, आणि दोनच वर्षांनी शेठ जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ उभा राहिला. १८८६ साली परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. पण त्या सगळ्यांपाशी शेठजी होते. आमच्यापाशी लिफाफा होता आणि त्यावर दुसऱ्याचे नाव होते.

शेवटी आईंना फोन लावला. खोटे सांगण्याचे आधी ठरले होते, पण ते जमले नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले, आकडा दोनदा विचारला. मग म्हणाल्या, "मांजराच्या दाताला सव्वीस हजार?" आम्ही गप्प. "त्येला चावता येत न्हाई म्हणता?" हो म्हटले. "मग करा की त्येचं आधी. मी काय, भाकरी कुस्करून खाती." आणि त्यांनी शेतातल्या मक्याविषयी बोलायला सुरुवात केली.

त्यांनी रागावायला हवे होते. रागावल्या असत्या तर आम्हांला काही उत्तर देता आले असते. दूध-भाकरीचा तो काला आम्ही गावी गेल्यावर नेहमी पाहत आलो होतो. त्या रात्री तो पहिल्यांदा दिसला असे म्हणावे लागेल. मोरोपंतांच्या तिरप्या मानेचा अर्थ लावायला आम्हांला महिना लागला होता. येथे तीन वर्षे लागली.

तयारी तीन आठवडे चालली. मांजराला नेण्याची पेटी कोणाकडून तरी उसनी आणली आणि दार उघडे ठेवून दिवाणखान्यात मांडली, आत एक जुने मऊ लुगडे. ऐन वेळी पेटी काढली तर मांजर तिला पाहूनच अर्धे मरते, असे त्या मुलाने बजावले होते. चौथ्या दिवशी पंत आत जाऊन निजले. मग दांडेघरापर्यंत जाऊन परत, मग अर्धा पसरणी घाट उतरून परत, अशा दोन रंगीत तालमी झाल्या. दुसऱ्या तालमीत त्यांना उलटी झाली. रक्ताचा अहवाल ठीक आला. आदल्या रात्री दहानंतर खाणे बंद, पाणी निघेपर्यंत चालेल. जो महिनाभर खात नव्हता तो नेमका त्या रात्री ताटलीपाशी येऊन बसला.

पहाटे साडेचारला ओळखीच्यांची गाडी घेऊन निघालो. घाटात धुके इतके, की चालकाला काचेतून डोके बाहेर काढावे लागत होते. सुरूरला हमरस्त्याला लागलो, खंबाटकीचा बोगदा मागे पडला, शिरवळला उजाडले. पेटीतून आवाज नव्हता.

दवाखान्यात संमतिपत्र पुढे आले. भुलेत मृत्यू संभवतो हे आम्हांस समजावून सांगितले आहे, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते, कर्मणी प्रयोगात. कर्ता नसलेल्या वाक्याखाली सही कोणी करायची यावर आमचे एकमेकांकडे पाहणे झाले. दोघांनीही केली.

साडेदहाला आतून बोलावणे आले. पडद्यावर क्ष-किरण चित्र होते. एक नव्हे, तीन दाढा झिजलेल्या होत्या आणि एका सुळ्याचे मूळ विरघळत चालले होते. सगळे आज काढायचे तर साडेआठ हजार जास्त. नाही तर पुन्हा भूल, पुन्हा हा रस्ता. विचार करायला पाच मिनिटे होती. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'मधली वानरे जखमा घेऊन जंगलात फिरतात, आणि लेखक त्यांच्यात हात घालत नाही. ती अलिप्तता आम्ही वर्गात नेहमी वाखाणली आहे. वर्गात ती सोपी जाते. बाहेर येऊन एका सहकाऱ्याला फोन केला. त्याचेही मानधन आले नव्हते. त्याने बायकोला विचारून पाठवतो म्हटले, आणि पाठवले.

मोठ्या मांजराला तीस दात असतात. चार गेले, सव्वीस उरले. पिलाच्या तोंडात दुधाचे दातही सव्वीसच असतात, असे डॉक्टरीणबाई टाके दाखवताना म्हणाल्या. पंतांच्या डोळ्यांच्या बाहुल्या औषधाने बटणांएवढ्या झाल्या होत्या आणि ते भिंतीकडे पाहत होते. परतीच्या वाटेवर वाईच्या पुढे त्यांनी एकदा तोंड उघडले, पण आवाज फुटला नाही. श्वासनलिकेत घातलेल्या नळीने घसा बसतो, दोन दिवसांत सुटेल, हे आधी सांगितले होते, म्हणून घाबरलो नाही. थोडे घाबरलो. तिसऱ्या दिवशी कोंबडीच्या मऊ शिजवलेल्या लगद्याची वाटी साफ झाली. नवव्या दिवशी पहाटे पाचला ओसरीतून हाक आली, आणि दूध मिळेपर्यंत चालू राहिली.

मानधन जानेवारीत आले. सहकाऱ्याचे पैसे दोन हप्त्यांत फिटले, आणि मार्चमध्ये आईंना घेऊन आम्ही कवळीचे माप द्यायला गेलो. कवळीला मोरोपंतांच्या निम्म्याहून कमी खर्च आला. आई ती लग्नाकार्यात आणि फोटोपुरती लावतात. जेवताना काढून ठेवतात, भाकरी अजून कुस्करूनच खातात. टोचते का, विचारले तर नाही म्हणतात. ह्या 'नाही'वर आता आमचा विश्वास नाही, म्हणून दंतवैद्याकडे पुन्हा नेणार आहोत.

मे महिन्यात त्या आमच्याकडे राहायला आल्या होत्या. रात्री कवळी फुलपात्रात पाणी घालून उशाशी ठेवायची त्यांची सवय. पहिल्याच रात्री मोरोपंतांनी ते पाणी पिऊन टाकले. दुसऱ्या रात्रीपासून फुलपात्रावर ताटली ठेवू लागलो.