वजनकाटा

गोदामात असतो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही. मानकोलीत, मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या गाळ्यात दिवसभर खोकी चढतात, उतरतात. हा लाल आकडे दाखवून गप्प. पण थंडीत आसपासच्या गावांत कबड्डीचे सामने लागले की मंडळाची पोरं त्याला टेम्पोत घालून मैदानावर आणतात, आणि मग त्याचा रुबाब पाहावा! पंचांच्या टेबलाशेजारी सपाट जागा, खाली फळी, स्वतंत्र वायर. पाहुण्या संघाचा कप्तान आधी त्याच्यावर सीलबंद गोणी ठेवून बघतो. हा अपमान काटा मुकाट गिळतो.

मग पोरं चढतात. 55 किलोचा गट असेल तर सकाळपासून पाण्याचा घोट न घेतलेली, जॅकेट घालून उन्हात पळून आलेली. बनियन निघतं, हातातलं कडं निघतं, करगोट्यापर्यंत हात जातो. एकजण तर सगळा श्वास सोडून चढतो, जणू हवेलाच वजन आहे. आकडे थरथरतात आणि थांबतात: 55.300. ‘दादा, काटा खराब आहे.’

खेळाडू निवडणं हे काही एकट्या काट्याचं काम नाही. अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल संघांकडे खेळाडू हेरायला अख्खं खातं असतं. कुणी व्हिडिओ बघतो, कुणी शाळा पालथ्या घालतो, वर जनरल मॅनेजर. स्टॅनफर्डने 2024 मध्ये आपलाच जुना क्वार्टरबॅक अँड्र्यू लक याला त्या खुर्चीत बसवलं. आपल्याकडे हेच खातं मैदानभर विखुरलेलं: शाळेतले पीटीचे सर, गुणलेखक, जिल्हा संघटनेची निवड समिती, दोरीपलीकडे हाताची घडी घालून उभा असलेला रेल्वेचा जुना खेळाडू. 2014 ला प्रो कबड्डी आली, तेव्हापासून त्या दोरीपाशी गर्दी वाढली. या सगळ्यांत वशिला न चालणारा एकटा काटाच.

अर्थात त्याला खेळातलं ओ की ठो कळत नाही. डाव्या कोपऱ्यातला पोरगा चढाईपटूचा घोटा कसा धरतो, बोनसला पाय टाकताना कोण बिचकतो, हे त्याच्या गावीही नसतं. म्हणून 300 ग्रॅमने बाद झालेल्याला सर वरच्या गटात घालतात, थोराडांसमोर. रेल्वेवाल्याचं लक्ष तिकडेच असतं.

काट्यावर तोवर दुसरा संघ चढलेला असतो. त्यांच्याही कप्तानाने गोणी आणलीय.