चुकण्याचा हक्क कोणाला?

इंजिनिअरिंगची पोरं कॅड शिकताना प्रयोग करत नाहीत, नुसत्या कमांड पाठ करतात, अशी तक्रार प्राध्यापक मंडळी नेहमी करतात. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या वस्त्यांमधून पहिल्यांदाच इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलामुलींसोबत आम्ही बसतो. तक्रार खोटी नाही. पण तिचं कारण पोरांच्या डोक्यात शोधलं जातं, ही लबाडी आहे.

चिखली तालुक्यातल्या एका विहारात आम्ही दोन जुने संगणक ठेवले आहेत. त्यांवर फ्रीकॅड हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं आहे. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी तिथं सोयाबीन टोकायच्या यंत्राची आधारपट्टी काढत होती. मापं लॅबच्या वहीतली, जशीच्या तशी. म्हटलं, जाडी बदलून बघ. तर म्हणाली, "दादा, बदलवलं अन् बिघडलं तं?"

आम्ही म्हटलं, फाइल वेगळ्या नावानं ठेव आणि खुशाल बिघडव.

पहिल्या दिवशी तिनं जाडी, लांबी, भोकं सगळंच एकदम बदललं. पट्टी कमी वाकली, पण कशामुळे ते कळेना. दुसऱ्या दिवशी ठरलं: एका वेळी एकच माप बदलायचं आणि आधी वहीत अंदाज लिहायचा. जाडी 3 मिलीमीटरवरून 6 केली. अंदाज होता, वाकणं निम्मं होईल. गणित चालवलं तर ते जवळपास आठव्या हिश्श्यावर आलं! तिनं पुस्तक काढलं. वाकणं जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं, हे सूत्र तिनं परीक्षेत लिहिलंही होतं. त्या संध्याकाळी ते तिचं झालं.

या एका सूत्राला दोन संध्याकाळी आणि एक चुकलेला अंदाज लागला. आठवड्याच्या दोन तासांच्या लॅबमध्ये, एका संगणकावर दोघं बसून, शीट सबमिट करायची घाई असताना हे कसं होणार? ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो रात्री दहा वेळा चुकतो आणि सकाळी हुशार ठरतो. यालाच मेरिट म्हणतात.

आपल्या पोरांना चूक महाग पडते. विषय राहिला की वर्षाची, शिष्यवृत्तीची धास्ती, वर 'कोट्यातली' हा टोमणा. अशा भीतीत कोण प्रयोग करील?

चामड्याची मोट शिवणाऱ्या, दोर वळणाऱ्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगच केले. पण त्याला डिझाइन म्हणायचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलं. 1942 साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या तंत्रशिक्षणासाठी सरकारी मदत मागितली. ती मागणी आज पुढं न्यायला हवी.

समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहात संगणक खोली हवी, रात्री उशिरापर्यंत उघडी. सॉफ्टवेअर महाग आहे ही सबब चालणार नाही, फ्रीकॅड फुकट आहे. आणि कॉलेजांनी शेवटच्या शीटसोबत फसलेल्या प्रयत्नांची वहीही तपासावी, तिला गुण द्यावेत.

शिका म्हणजे पाठ करा नव्हे. बिनधास्त चुकायला जागा मिळेल तेव्हाच आपली पोरं शिकतील. ती जागा मागून घेऊ, नाही मिळाली तर विहारात उभी करू.

जय भीम!