नोंदीत नसलेली चक्कर

डिंभे धरणाच्या पाण्यामागे डोंगरकुशीत जी आदिवासी गावं आहेत, त्यांतल्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. घोड नदीवरच्या या धरणात मूळ आंबेगाव बुडालं. तालुक्याला नाव मात्र त्याचंच राहिलं. कचेऱ्या घोडेगावात, उपजिल्हा रुग्णालय मंचरला. तिथं जायचं तर अख्ख्या दिवसाची मजुरी बुडते. पावसाळ्यात दरड आली की रस्ताच बंद. बाळंतपण किंवा साप चावल्यावर लोक कसंही करून पोचतात. पण मधुमेहाच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला कोण जाणार? औषध मध्येच सुटायचं.

ई-संजीवनीनं ही अडचण बरीच कमी केली. २०१९ साली केंद्र सरकारनं सुरू केलेली ही सेवा आता उपकेंद्रापर्यंत आली आहे. मी रक्तदाब, साखर, वजन तपासून माहिती भरते. डॉक्टर व्हिडिओवर रुग्णाशी बोलतात, चिठ्ठी लगेच माझ्याकडे येते आणि गोळ्या इथंच मिळतात. रेंज गेली की थांबावं लागतं, पण खेप वाचते.

या कामातला एक प्रसंग माझ्या मनात पक्का बसला आहे. हिरड्याचा हंगाम होता. साठी ओलांडलेल्या एक आजी तपासणीला आल्या. उपाशीपोटी साखर दोनशेच्या वर. आधीच्या नोंदींतही चढती. डॉक्टरांनी विचारलं, “गोळ्या रोज घेता ना?” आजींनी मान हलवली. डॉक्टर म्हणाले, “मग डोस वाढवावा लागेल.” समोर जेवढी माहिती होती, तिच्यावरून हा निर्णय रास्तच होता.

तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या आशाताई म्हणाल्या, “मॅडम, आजी परवा रानात पडल्या होत्या.”

आजी गप्प. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली, हात हातात घेतला आणि विचारलं, “आजी, काय झालं होतं?”

“गोळी घेतली का घेरी येती बाई. हातपाय कापत्यात, घाम सुटतो. म्हणून मी रानात जायच्या दिवशी बऱ्याचदा घेतच न्हाई.”

मग सगळं उलगडत गेलं. हंगामात आजी पहाटे कोरा चहा पिऊन डोंगर चढतात आणि भाकरी खातात ती दुपारी. साखर उतरवणारी गोळी रिकाम्या पोटी आणि वर चढणीचे कष्ट, म्हणजे साखर एकदम खाली येणारच. गोळी टाळली की तीच साखर वर. यंत्रात फक्त वरचा आकडा पकडला गेला होता. घेरी कुठल्याच रकान्यात नव्हती. वाढवलेला डोस आजींनी एखाद्या दिवशी घेतला असता, तर त्या रानात बेशुद्ध पडल्या असत्या.

हे मी पडद्यावरच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, ती गोळी बंद केली, दुसरी जेवणासोबत घ्यायला सांगितली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी ठेवली. आजींना वाचता येत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, गोळीची पट्टी भाकरीच्या फडक्यातच बांधायची. भाकरी सोडली की गोळी समोर. कनवटीला गुळाचा खडा. चाकणला कंपनीत असलेल्या मुलालाही फोन करून सगळं समजावलं. पुढच्या तपासणीत साखर उतरली होती आणि घेरी थांबली होती.

याच भागात ३० जुलै २०१४ ला माळीण हे गाव डोंगराखाली गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. ती खबर बाहेर पोचली एसटीच्या चालकामुळे. गाव जागेवर दिसत नाही हे त्याला उमगलं, कारण ती त्याची नेहमीची वाट होती. आशाताईंचंही तसंच. आजी कुठं पडल्या, कुणाच्या घरात चूल उशिरा पेटते, हे त्यांना ठाऊक असतं, कारण त्या त्याच पायवाटांनी रोज फिरतात.

लांबचा डॉक्टर गावात आणणारं हे तंत्रज्ञान मला हवंच आहे. ते आणखी चांगल्या रेंजसह, आणखी तज्ज्ञांसह हवं आहे. पण आरोग्यसेविका आणि आशाताईंचा वेळ नोंदी भरण्यातच संपला, तर पडद्यावरचा डॉक्टर अपुऱ्या माहितीवर औषध देत राहील. गृहभेटींसाठी वेळ आणि माणसं राखून ठेवणं हा ऑनलाइन उपचारांचाच भाग मानला पाहिजे.

तुमचे आईवडील गावी असतील, तर साखरेचा आकडा जरूर विचारा. पण गोळी किती वाजता घेता, त्याआधी काय खाता आणि घेतल्यावर कसं वाटतं, हेही विचारा. आणि जे उत्तर मिळेल, ते त्यांच्या उपकेंद्रापर्यंत पोचवा.