श्वेतपटल : रचना, रंग आणि सुरीची खोली

प्रौढ माणसाच्या डोळ्याचा गोल सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याच्या सर्वांत बाहेरच्या आवरणाचा पुढचा सहावा हिस्सा पारदर्शक असतो, तो कॉर्निया. उरलेले पाच हिस्से श्वेतपटलाचे. पापण्यांमधून दिसणारा पांढरा भाग हा त्याचा लहानसा तुकडा, बाकीचा सगळा खोबणीत मागे दडलेला असतो. डोळ्याचा गोल आकार टिकतो, आतला दाब पेलला जातो आणि डोळा फिरवणाऱ्या सहा स्नायूंना पक्का आधार मिळतो, तो याच पटलामुळे.

श्वेतपटलावर आधी दोन पातळ आवरणे येतात : सगळ्यांत वर कंजंक्टायव्हा ही ओलसर, पारदर्शक त्वचा आणि तिच्याखाली टेनॉनचे आवरण. खुद्द श्वेतपटलाचे तीन थर मानले जातात. वरचा थर सैल आणि रक्तवाहिन्यांनी युक्त. मधला मुख्य थर दाट कोलॅजेन तंतूंचा. त्यात रक्तवाहिन्या जवळजवळ नाहीतच. सर्वांत आतला थर तपकिरी रंगपेशींमुळे काळसर दिसतो.

कॉर्नियाही कोलॅजेनचाच, मग तो पारदर्शक आणि हा पांढरा कसा? फरक मांडणीत आहे. कॉर्नियातले तंतू सारख्या जाडीचे आणि ठरावीक अंतरावर बसलेले असतात. श्वेतपटलातले तंतू २५ ते २३० नॅनोमीटर अशा वेगवेगळ्या जाडीचे आणि आडवेतिडवे विणलेले असतात, त्यामुळे प्रकाश सगळीकडे विखुरतो. पुलगावला लागून असलेल्या नाचणगावच्या शिवारात वेचलेला कापूस पांढरा दिसतो तोही असाच : एकेका तंतूला स्वतःचा पांढरा रंग नसतो, ढिगाने प्रकाश विखुरला की पांढरेपण येते. ही विस्कळीत वीणच श्वेतपटलाला सर्व दिशांनी ताण सोसण्याची ताकद देते.

पांढरेपणात पाण्याचाही वाटा आहे. श्वेतपटलात सुमारे ६८ टक्के पाणी असते. शस्त्रक्रियेत उघडा पडलेला भाग वाळू लागला, की तिथे काळपट निळी झाक येते, कारण खालचा रंगीत थर दिसू लागतो. सलाइनचे थेंब पडताच पांढरा रंग परत येतो. म्हणून ती जागा सतत ओली ठेवावी लागते.

जाडी सगळीकडे सारखी नसते. मागच्या ध्रुवाजवळ ती सुमारे १ मिलिमीटर, कॉर्नियाच्या कडेला सुमारे ०.८, तर चार सरळ स्नायू जिथे चिकटतात त्याच्या लगेच मागे फक्त ०.३ मिलिमीटर. जोराचा मार लागल्यावर डोळा बहुधा या पातळ जागी किंवा कॉर्नियाच्या कडेला फाटतो. मागच्या बाजूला ध्रुवापासून नाकाकडे सुमारे ३ मिलिमीटरवर दृष्टिचेता बाहेर पडते. तिथे श्वेतपटल जाळीदार असते आणि त्या जाळीच्या भोकांतून चेतातंतू जातात. काचबिंदूत वाढलेला दाब सर्वांत आधी याच नाजूक जाळीला मागे ढकलतो.

रंगातला बदल पाहायचा तर रुग्णाला दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी बसवावे. पिवळ्या दिव्यात कावीळ सुटून जाते. तान्ह्या बाळाचे पटल पातळ असल्याने निळसर दिसते, म्हातारपणी चरबी साठून ते पिवळट होते. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या लाल पेशी लवकर फुटतात, रक्तातले बिलिरुबिन वाढते आणि डोळे पिवळे दिसू लागतात. लाली वरच्या थरातली असेल, तर फेनिलेफ्रिनचा थेंब घातल्यावर ती फिकी होते. थेंबानंतरही जांभळट लाली टिकली आणि ठणका झोप मोडणारा असेल, तर खुद्द श्वेतपटलाला सूज आहे असे समजावे आणि संधिवाताची तपासणी करावी.

या ज्ञानाची खरी कसोटी मोतीबिंदूच्या बोगदा शस्त्रक्रियेत लागते. सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ साली सुरू झाली. तिच्यासारख्या शिकवणाऱ्या रुग्णालयांत नवे शल्यचिकित्सक हे काम हाताखाली शिकतात. कॉर्नियाच्या कडेपासून दीड ते दोन मिलिमीटर मागे सहा ते सात मिलिमीटर लांबीचा छेद घेतला जातो, श्वेतपटलाच्या निम्म्या जाडीपर्यंत. मग अर्धचंद्राकृती सुरी आडवी सरकवत बोगदा कॉर्नियात नेतात. खोलीचा अंदाज पात्याच्या दिसण्यावरून येतो. पाते अगदी स्पष्ट दिसले, तर बोगदा उथळ आहे आणि छताला भोक पडेल. ते दिसेनासे झाले, तर खूप खोल गेले आहे आणि वेळेआधीच डोळ्याच्या आत उतरेल. धूसर दिसणारे पाते हीच योग्य खोली. नीट जमलेला बोगदा डोळ्याच्या आतल्या दाबानेच बंद होतो, टाका लागत नाही.

शेतातली इजा ही वेगळी काळजी. पऱ्हाटी, तुराटी किंवा बाभळीचा काटा डोळ्यात गेल्यावर कंजंक्टायव्हाखाली रक्ताचा लाल डाग साकळतो आणि त्याखाली श्वेतपटलाची चीर लपू शकते. बाहुली एका बाजूला ओढलेली दिसली किंवा पांढऱ्यावर काळसर ऊती डोकावली, तर डोळा फुटला आहे असेच धरावे. तो दाबू नये, चोळू नये, काही घालू नये, रुतलेला काटा उपसू नये. डोळ्याला स्पर्श होणार नाही अशी वाटी किंवा कप वरून बांधून रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

रक्तवाहिन्या जवळजवळ नसल्यामुळे श्वेतपटल सावकाश भरून येते, पण त्याच कारणाने परक्याचे श्वेतपटल शरीर सहसा नाकारत नाही. नेत्रदानात मिळालेले श्वेतपटल अल्कोहोलमध्ये किंवा ग्लिसरीनमध्ये जपून ठेवता येते आणि दुसऱ्याच्या डोळ्यातल्या पातळ किंवा भोक पडलेल्या जागी ठिगळ म्हणून शिवता येते.