शहाळ्याचं पुडिंग, प्रयत्न दुसरा

दात काढल्यापासून नारळाचा विषय निघाला की आई गप्प होते. सगळा जन्म रत्नागिरीत गेला आणि आता खोबरं चावता येत नाही म्हणजे काय! म्हणून परवा शहाळ्याचं पुडिंग करायला घेतलं.

पहिला प्रयत्न साफ फसला. 10 ग्रॅम चायना ग्रास भिजवून उकळलं आणि त्यात फ्रिजमधलं शहाळ्याचं पाणी तसंच गार ओतलं. झाल्या गुठळ्या! चायना ग्रास 40 अंशांच्या आसपासच धरायला लागतं, फ्रिजची वाटसुद्धा बघत नाही. (आणि मी स्वतःला सुगरण म्हणवते.)

दुसऱ्यांदा ते पूर्ण विरघळेपर्यंत उकळलं, अर्धा लिटर दूध आणि कंडेन्स्ड मिल्क गरम असतानाच मिसळलं, शहाळ्याचं पाणी कोमट करून घातलं. मलईचे एरवी तुकडे घालतात. मी मिक्सरमधून अगदी गंधासारखी वाटली, एक कण राहू दिला नाही.

रात्री गारेगार वाटी आईपुढे ठेवली. एक चमचा. मग दुसरा.

"साखर जरा जास्तच झालीय गो," म्हणाली.

वाटी मात्र चाटूनपुसून परत आली.