कोवळे ऊन आणि उतारवय

सुरत जिल्ह्यातील पलसाणा हे गाव महामार्गाच्या कडेचे. एका अंगास उसाची शेते, दुसऱ्या अंगास कापडाच्या गिरण्या. येथे स्थायिक झालेल्या आम्हां मराठी मंडळींत आता साठी ओलांडलेले पुष्कळ आहेत. आरतीनंतर देवळाच्या ओट्यावर पूर्वी मुलांच्या लग्नाच्या गोष्टी निघत. आता रक्तातील साखरेचे आकडे निघतात. अलीकडे त्यांत 'ड' जीवनसत्त्वाच्या आकड्याची भर पडली आहे.

आमच्यातील एका वृद्ध गृहस्थांनी तर 'ड' जीवनसत्त्वाची पुडी सुरू होताच मधुमेहाची गोळी आपल्या मनाने सोडली. "मूळच उपटले, आता गोळी कशाला?" असा त्यांचा सवाल. थोड्याच दिवसांत साखर इतकी चढली की त्यांस इस्पितळात न्यावे लागले. तेव्हापासून या विषयाचा नीट विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटू लागले.

ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी, त्यांच्यांत मधुमेह अधिक आढळतो, हे खरे. परंतु जो घरातच बसून असतो, त्यास ऊनही मिळत नाही आणि व्यायामही घडत नाही. मग दोष कोणाचा म्हणावा? अमेरिकेत 2019 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 2423 जणांपैकी निम्म्यांना रोज 4000 एकके देऊन सुमारे अडीच वर्षे पाहिले. ठाम असा लाभ दिसला नाही. 2023 साली असे तीन प्रयोग एकत्र तपासता धोका सुमारे 15 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. म्हणजे उंबरठ्यावरच्यांस थोडा आधार आहे. ज्यांस रोग जडलाच आहे, त्यांच्या औषधाची जागा ही पुडी घेऊ शकत नाही. शिवाय अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा पोहोचते.

रथसप्तमीला सूर्यास अर्घ्य देणाऱ्या आपल्या समाजात या जीवनसत्त्वाची वाण असावी, हे नवलच! पण कोवळ्या उन्हात ते घडविणारे किरण फारच थोडे असतात. सूर्य वर चढल्यावर ते मिळतात, आणि खिडकीच्या काचेतून तर येतच नाहीत. वृद्ध त्वचेची ते घडविण्याची शक्तीही निम्म्याहून घटते. बांगडा-तारली खाणाऱ्या कोकणी बंधूंस ते अन्नातून काहीसे मिळते. शाकाहाऱ्यांस फारच थोडे.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि प्रमाण सर्वाधिक गोव्यात, 26.4 टक्के. आपली अंगकाठी बारीक म्हणून निश्चिंत राहण्याचीही सोय नाही. बारीक दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबी दडलेली असते, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे.

तेव्हा वडीलधाऱ्यांस आमची विनंती एवढीच: पुडी घ्यावी ती वैद्याच्या सल्ल्याने, गोळी सोडू नये, आणि देवदर्शनास शक्यतो पायीच जावे. पुण्य तर पदरी पडेलच. शिवाय चार पावले चालणे होईल आणि अंगावर थोडे ऊनही पडेल.