नोंदणी क्रमांक विचारायला आम्ही विसरलो

२०१७ च्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या आठवड्यात, वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका नर्सिंग संस्थेचे उद्घाटन झाले. फीत कापायला आम्ही होतो. किराणा दुकानाच्या वर दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि सावित्रीमाईंचा फोटो, प्लास्टिकचा एक मानवी सापळा आणि दारावर 'शासनमान्य' असा फलक. संस्थाचालक आपल्याच समाजाचे. शाल-श्रीफळ स्वीकारून आम्ही अर्धा तास शिक्षणावर बोललो. 'शिका' या शब्दावर टाळ्याही घेतल्या. कोणत्या शासनाची, कोणत्या कायद्याखालची मान्यता, एवढे मात्र आम्ही विचारले नाही. एमए समाजशास्त्र झालेल्या माणसाला एवढा प्रश्न सुचायला हवा होता.

आमच्या भाषणाला मावशीची पोरगी समोरच बसली होती. कला शाखेतून बारावी. मावशी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाते, काका मिळेल ते काम करतात. बचत गटातून कर्ज काढून मावशीने त्या संस्थेत तीस हजार रुपये भरले, कारण 'आपली ताई तिथे भाषण देऊन राहिली' हीच तिच्यासाठी मान्यता होती.

वर्षभराने पोरीच्या हाती गुळगुळीत कागदाचे एक प्रमाणपत्र आले. ते घेऊन ती एका खाजगी दवाखान्यात गेली. तिथल्या सिस्टरने कागद उलटून पाहिला आणि विचारले, "काउन्सिलचा नोंदणी क्रमांक कुठे आहे?" तो नव्हताच. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ सालचा. त्याखाली महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलकडे नाव नोंदवल्याशिवाय कोणी परिचारिका होत नाही. भारतीय नर्सिंग परिषदेचा कायदा त्याहून जुना, १९४७ चा. फलकावरच्या 'शासनमान्य' शब्दाशी या दोन्ही कायद्यांचा काही संबंध नव्हता. दवाखान्याने तिला ठेवून घेतले, पण 'मावशी' म्हणून. म्हणजे बेडपॅन उचलायला. महिना चार हजार.

आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा मावशी काहीच बोलली नाही. चहा दिला. पोरगीच म्हणाली, "ताई, तुम्हाले तरी मालूम होतं का?" आम्ही नाही म्हणालो, आणि ते खरे होते, पण त्या खरेपणाचा तिला काय उपयोग?

हे लिहिण्याचे कारण असे की आपल्या चळवळीत नर्सिंगबद्दल कोणी गंभीरपणे बोलत नाही. आपल्या व्याख्यानमाला युपीएससी, एमपीएससी, परदेशी शिष्यवृत्ती यांच्यावर होतात. तो मार्ग आवश्यकच आहे. पण गावातल्या पन्नास टक्के गुणांच्या, कला शाखेच्या पोरीसाठी आपण काय सांगतो? बीए कर, मग एमए कर. आम्ही स्वतः तेच केले आणि प्रकल्प संपला की नोकरी संपते अशा मानधनावर आजही जगतो आहोत. आमच्या मनातही नर्सिंगबद्दल एक कमीपणा होता, हे कबूल करतो. घाण काढण्याचे काम पिढ्यान् पिढ्या आपल्या बायांच्या वाट्याला आले, बाबासाहेबांनी त्यातून बाहेर काढले, मग पुन्हा तिकडे कशाला, असा तो विचार. एमएला लुई ड्युमाँचा शुद्धी-विटाळाचा सिद्धांत आम्ही पाठ केला होता, आणि बेडपॅनकडे आमच्याही नकळत त्याच चष्म्यातून पाहत होतो.

वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. सेवाग्राम आपल्या उंबऱ्यावर. १९३६ मध्ये गांधी तिथे राहायला आले आणि पुढे परचुरे शास्त्री या कुष्ठरोगी पंडिताची त्यांनी स्वतः केलेली शुश्रूषा आजही पाहुण्यांना भक्तिभावाने सांगितली जाते. ती केली हे खरे, आणि त्या काळात ती सोपी नव्हती हेही खरे. आमचे म्हणणे वेगळे आहे. वरच्या जातीच्या माणसाने जखम धुतली की ती 'सेवा' होते, त्याची झोपडी जपली जाते. खालच्या जातीच्या बाईने नाळ कापली, वार पुरली, की ते तिचे 'काम'. त्या गावच्या सुईणीची झोपडी कोणी जपली? भंगीकामाला थोर सेवा म्हणून गौरवण्यातला कावा बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात उघडा पाडला. गौरव करायचा, म्हणजे मजुरी आणि सुटका या दोन्हींबद्दल बोलावे लागत नाही. नर्सला 'सेवेची मूर्ती' म्हणणारी भाषणे ऐकली की आम्हाला तेच आठवते.

म्हणून नर्सिंगचा विचार सेवेच्या अंगाने न करता परवान्याच्या, पगाराच्या आणि ज्ञानाच्या अंगाने करायला हवा. सुईणीकडे ज्ञान होते, परवाना नव्हता. नोंदणीकृत परिचारिकेकडे दोन्ही आहे.

अमेरिकेतले एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे परिचारिकांचा तुटवडा होता. मिल्ड्रेड माँटॅग या परिचारिका-प्राध्यापिकेने दोन वर्षांच्या नर्सिंग पदवीची कल्पना मांडली आणि १९५२ पासून ती प्रयोग म्हणून राबवली गेली. हे शिक्षण सार्वजनिक, स्वस्त, घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात मिळू लागले. कामगार घरातल्या, लेकुरवाळ्या, वय उलटलेल्या बायांना तिथे दार उघडले. महत्त्वाचे हे की दोन वर्षांचा कोर्स केलेली आणि चार वर्षांची पदवी घेतलेली, दोघी परवान्यासाठी एकच परीक्षा देतात. पुढची बढती पदवीवालीला लवकर मिळते, तो भेद तिथेही आहे. पण आत येण्याचे दार एकच.

आपल्याकडे त्याच्या जवळचा कोर्स म्हणजे जीएनएम. तीन वर्षांची पदविका, कोणत्याही शाखेतून बारावी, इंग्रजी विषय आणि किमान चाळीस टक्के गुण. एएनएम दोन वर्षांचा. बीएस्सी नर्सिंगला मात्र विज्ञान शाखा लागते, आणि आपल्या खेड्यातल्या किती पोरी विज्ञान घेतात? जीएनएम झालेलीला पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते. म्हणजे वाट बंद होत नाही. वर्धा तर लहानसा जिल्हा असून सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) अशी दोन मोठी वैद्यकीय केंद्रे इथे आहेत आणि दोन्हीकडे नर्सिंगचे शिक्षण मिळते. हे सगळे आम्हाला २०१८ मध्ये कळले. दारात असलेली गोष्ट, तीही पोरीचे वर्ष गेल्यावर.

त्या उन्हाळ्यात आम्ही तिच्यासोबत कागद गोळा करत फिरलो. काकांच्या दाखल्यावर 'बौद्ध'. जात पडताळणीसाठी हवा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. शेवटी कोतवाल बुकात पणजोबांच्या घरी झालेल्या एका जन्माची नोंद सापडली, त्यात जात लिहिलेली. ज्या जातीचा त्याग करून आजोबांनी १९५६ ला दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तीच जात नातीच्या हक्कासाठी मोडी वाचणाऱ्याकडून शोधून आणावी लागली. यात विसंगती काही नाही. धर्म बदलल्याने गावाची नजर बदलत नाही, म्हणून तर १९९० मध्ये केंद्राला अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश करावा लागला. पण तालुक्याच्या बाबूसमोर हे उभ्याने समजावून सांगताना घसा कोरडा पडतो.

प्रवेश मिळाला. संस्थेचे नाव लिहीत नाही. यावेळी मात्र भारतीय नर्सिंग परिषदेच्या यादीत आणि राज्य काउन्सिलकडे, दोन्ही ठिकाणी नाव तपासले. शिष्यवृत्ती उशिरा आली, त्यामुळे पहिल्या वर्षी कॉलेजने परीक्षा अर्ज अडवण्याची धमकी दिली. स्वाधार योजनेतून जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये मिळतात, त्यावर राहणे-खाणे निघाले, पण तो पैसाही महिन्याच्या महिन्याला येत नाही आणि मेसवाला मात्र महिन्यालाच मागतो.

पहिले सहा महिने ती रडत होती. शरीररचनाशास्त्र इंग्रजीत. रात्री फोन करून एकेक हाडाचे नाव आम्हाला म्हणून दाखवायची, आम्ही काही न समजता 'हो, बरोबर' म्हणायचो. वॉर्डातली गोष्ट तिने नंतर सांगितली. एका म्हातारीने सुई टोचून घेण्याआधी विचारले, "आडनाव काय वं तुहं?" तिने सांगितले. म्हातारीने हात मागे घेतला. ही म्हणाली, "आजी, आडनाव नाही टोचत, सुई टोचते. हात द्या." म्हातारीने हात दिला. सोबतच्या वरच्या जातीतल्या मुलीही पहिल्या वर्षी तेच बेडपॅन धरत होत्या, कारण अभ्यासक्रमात ते सगळ्यांना आहे. हे दृश्य आमच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात नव्हते. (त्याच वॉर्डात फरशी पुसणाऱ्या बाया मात्र कोण होत्या, हेही तिनेच सांगितले. सगळ्या आपल्या.)

मग कोविड आला. शिकाऊ मुली ड्युटीवर. ताटवाट्यांच्या काळात तिने किट घालून आठ-आठ तास काढले. सावित्रीमाई १८९७ च्या प्लेगात रुग्ण वाचवताना गेल्या, हे आपण दरवर्षी १० मार्चला सांगतो. त्या साली आम्ही हे भाषण केले नाही. फोनची वाट पाहत बसलो.

२०२२ मध्ये तिच्या नावापुढे नोंदणी क्रमांक आला. मावशीने तो कागद बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवला आणि कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली.

आज ती एका खाजगी रुग्णालयात आहे. पगार बारा हजार. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने म्हटले होते की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला वीस हजारांपेक्षा कमी देऊ नये आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतके द्यावे. शिफारस शिफारशीतच राहिली. सरकारी भरती निघते तीही पुष्कळदा कंत्राटी. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या परिचारिकांनी कंत्राटीकरणाविरुद्ध संप केला, तेव्हा आपल्या किती संघटनांनी साधे पाठिंब्याचे पत्रक काढले? आम्हीही काढले नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेब कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी उभे राहिले होते. आज बाळंतपण करणाऱ्या कंत्राटी परिचारिकेलाच ती रजा अनेकदा मिळत नाही, कंत्राट अकरा महिन्यांचे असते.

गेल्या महिन्यात तिने रुग्णालयातल्या सात जणींच्या सह्यांचा पगारवाढीचा अर्ज लिहिला आणि मसुदा आम्हाला तपासायला पाठवला. आम्ही दोन ठिकाणी 'सेवा' हा शब्द खोडून 'काम' लिहिला. तिचा मेसेज आला, "ताई, एक जागा राहिली, तिसऱ्या ओळीत." ती पण दुरुस्त केली.

ती दोन खोल्यांची संस्था बंद पडली आहे. तसाच फलक आता दुसऱ्या तालुक्यात लागला आहे आणि जयंतीच्या कार्यक्रमाचे निमंत्रण आम्हाला आले आहे. आम्ही जाणार आहोत. भाषणाआधी नोंदणी क्रमांक मागणार आहोत, माईकवरून.